मिसळ खाऊन निघालात, मग गवा कसा दिसणार

पत्र:

"ताई, जानेवारीच्या शेवटी आम्ही सात जण दाजीपूरच्या अभयारण्यात एक दिवसाची गाईडेड ट्रिप करून आलो. मी, नवरा, दहा वर्षांची लेक, पाच वर्षांचा मुलगा, सासूबाई (वय ६६, गुडघे कुरकुरतात), दीर आणि जाऊ. पुण्याहून आदल्या रात्री कोल्हापूरला मुक्काम केला. गाडी पहाटे साडेचारला येणार होती पण नवरा म्हणाला, एवढं कोल्हापूरला आलोय तर मिसळ खाऊनच निघू. मग निघालो आठला, गेटवर पोचायला साडेदहा वाजले. जीपमध्ये तीन तास हाडं खिळखिळी झाली आणि दिसलं काय तर एका गव्याची पाठ, तीही झाडीत, नवऱ्याला तर तीही दिसली नाही. गाईड म्हणजे तिथल्याच गावचा एक मुलगा होता, तो सारखा गाडी थांबवून शेण दाखवायचा नाहीतर झाडावरचं घरटं. नवरा अजून सगळ्यांना सांगतो, एवढे पैसे भरून शेण बघून आलो. आता एप्रिलमध्ये नाशिकच्या आत्याबाई त्यांचं कुटुंब घेऊन येतायत आणि त्यांनाही दाजीपूर बघायचंय, एकूण बारा जण. नवरा म्हणतो गाईडबिईड काही नको, आपल्या दोन गाड्या काढू, यूट्यूबवर सगळं आहे. एका एजन्सीवाल्यानं फोनवर 'गवा शंभर टक्के' असं सांगितलंय. आणि मागच्या वेळचा तो मुलगा म्हणतो, दिसला तर दिसला, नाहीतर नाही. पैसे दोघांचे जवळपास सारखेच. काय करू? गंमत म्हणजे सासूबाई दोन महिने झाले तरी शेजारणींना त्या शेकरूच्या (ती मोठी खार) घरट्याबद्दल सांगतायत आणि त्यांच्या फोनमध्ये शेणाचे चार फोटो आहेत. - कोथरूडहून एक वाचक"

अगं, तुझं पत्र वाचताना मी दोनदा हसले, एकदा मिसळीपाशी आणि एकदा त्या चार फोटोंपाशी, आणि खरं सांगू का तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन जागांमध्येच आहे. पण सविस्तर सांगते, माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे दाजीपूरवर कोणी नाक मुरडलं की मला जरा जास्तच लागतं हे आधीच मान्य करून टाकते.

पहिलं मिसळीचं. मिसळीला माझा विरोध नाही, उलट कोल्हापुरात येऊन मिसळ न खाता गेलेल्या माणसाशी मी फार बोलत नाही. पण ती परत येताना खायची. गवा हा पहाटेचा आणि संध्याकाळचा प्राणी आहे. दाजीपूरच्या डोंगरावर ते सडे आहेत ना, जांभ्या दगडाचे मोकळे सपाट माळ, सावराईच्या सड्यासारखे, तिथं दगडावर माती इतकी पातळ असते की मोठं झाड रुजतच नाही, नुसतं गवत येतं. गवे रात्री आणि पहाटे त्या गवतावर चरायला येतात आणि ऊन चढायला लागलं की शेजारच्या दाट झाडीत सावलीला जाऊन रवंथ करत बसतात. सड्यावर उभा असलेला गवा आंधळ्यालाही दिसेल आणि झाडीत शिरलेला गवा वीस फुटांवरून दिसणार नाही, एवढा साधा हिशोब आहे. तुम्ही साडेदहाला गेटवर पोचलात म्हणजे त्यांचं जेवण आटपून, हात धुऊन, पंखा लावून ते पडले होते. तरीही त्या मुलानं तुम्हाला एक पाठ दाखवली, अगं त्याला तर बक्षीस द्यायला पाहिजे. नवऱ्याला सांग की त्याचा गवा गाईडनं नाही, कटाच्या दुसऱ्या वाटीनं घालवला.

दुसरं म्हणजे मला दाट संशय आहे की तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात ताडोबा आहे. सगळ्यांच्याच असतो, ते व्हिडिओच तसे असतात, जिप्सीसमोरून वाघीण आरामात चाललीय आणि मागे पिल्लं. पण ताडोबाचं जंगल पानगळीचं, उन्हाळ्यात झाडं उघडी पडतात आणि लांबवर नजर जाते. दाजीपूर ज्या अभयारण्यात येतं ते राधानगरी म्हणजे सह्याद्रीचा माथा, इथं पाऊस असा कोसळतो की विचारू नको, म्हणून इथलं जंगल निमसदाहरित, अंजनी, जांभूळ, हिरडा, खाली कारवीच्या झुडपांची भिंत, आणि ती भिंत एप्रिलमध्येसुद्धा पूर्ण पडत नाही. त्यामुळे इथं प्राणी दिसतात कमी आणि असतात जास्त. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री, आणि ते एवढंसं पिसोरी हरीण, सगळे आहेत. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणजे चांदोली-कोयना, दक्षिणेला गोवा-कर्नाटकाची जंगलं, आणि मधली ही ३५१ चौरस किलोमीटरची वाट, त्यामुळे अधूनमधून वाघसुद्धा इथून ये-जा करतो. तो तुला दिसणार नाही हे मी आत्ताच लिहून देते, आणि एजन्सीवाला काही म्हणाला तरी गव्याचंही शंभर टक्के कोणी लिहून देऊ शकत नाही. १९५८ साली हे राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं ते गव्यासाठीच, लोक अजून बायसनचं जंगल म्हणतात (बायसन खरं तर अमेरिका-युरोपातला, आपला तो गवा, पण हे चारचौघात सांगायला गेलं की लोक आपल्याला शिष्ट म्हणतात, मी अनुभवानं सांगतेय). म्हणजे गव्यासाठीच राखलेल्या जंगलातसुद्धा गवा ऑर्डर देऊन येत नाही.

आता गाईड. त्या दोघांपैकी कोण, हा तुझा खरा प्रश्न, आणि मी एका सेकंदात सांगेन की तो 'नाहीतर नाही' म्हणणारा. का ते सांगते.

खूप वर्षांपूर्वी आम्ही शाळेतल्या मैत्रिणी अशाच गेलो होतो, सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, एका टूरवाल्याचं पॅकेज, नाव नाही घेत कारण तो बिचारा आता हे धंदे करत नाही. 'गवे दाखवणारच' हे त्याचं वाक्य. दिवसभरात सहा पॉइंट होते, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, गाईड म्हणजे ड्रायव्हरच, आणि त्याला जंगलातलं एवढंच माहीत होतं की कुठे टेम्पो वळवता येतो. एका मैत्रिणीनं स्पीकर आणला होता, छोटासाच गं, पण डोंगरात त्याचा आवाज असा घुमला की कोकणात कळलं असेल. दुपारी तीनपर्यंत आम्ही एक माकड आणि तीन दुसरे टेम्पो बघितले. मग त्या टूरवाल्याला त्याचं वाक्य खरं करायचं होतं, म्हणून त्यानं अंधार पडता पडता घाटरस्त्याला गाडी हळू घेतली आणि लांब कुठेतरी काळं काही हलल्यावर 'तो बघा गवा' म्हणून ओरडला. ती म्हैस होती. तिच्यामागून तिचा मालकही चालत आला. आम्ही सगळ्यांनी फोटो काढलेले, काय करणार.

शंभर टक्के सांगणाऱ्याला शंभर टक्के करून दाखवावं लागतं, आणि मग तो काय करतो तर गाडी आत दामटतो, प्राण्याच्या फार जवळ नेतो, रस्ता सोडतो, एका गव्यामागे चार गाड्या लावतो. गवा दिसायला गरीब असतो पण नर हजार किलोच्या घरात जातो आणि एकटा फिरणारा नर कधी काय करेल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. तू कोथरूडची आहेस म्हणजे डिसेंबर २०२० तुला आठवत असेल, वाट चुकून तुमच्याच भागात शिरलेला तो गवा, मागे धावणारी माणसं, मोबाईल, आरडाओरडा, भिंतींवर धडका, रक्तानं माखलेलं त्याचं तोंड, आणि त्याच दिवशी तो गेला. मला त्या दिवसानंतर 'गवा जवळून दाखवतो' म्हणणाऱ्या माणसाची भीतीच वाटते. त्या गव्याला आपण सगळ्यांनी खूप जवळून बघितलं होतं.

आणि आता चांगल्या गाईडचं. मी वडिलांना घेऊन गेले होते, ते तेव्हा सत्तरीचे, आणि आमच्याबरोबर होता तोही असाच गावातला, वयानं पंचविशीचा, बोलायला एकदम कमी. पहाटेची वेळ, धुकं अजून कारवीत अडकलेलं. त्यानं जीप थांबवायला सांगितली आणि खाली उतरून एका शेणाच्या पोवापाशी उकिडवा बसला. आम्ही उतरलो नाही, त्यानं हातानंच नाही म्हणून खूण केली. त्यानं शेणाला हात लावला नाही, नुसती हाताची मागची बाजू त्याच्यावर धरली, जशी आई दुधाच्या भांड्यावर धरते ना, गार झालंय का बघायला. मग चिमूटभर धूळ उचलून सोडली आणि ती कुठे जाते ते बघितलं. परत आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, इंजिन बंद कर आणि गप बसा, वारा आपल्याकडं हाय. बस, एवढंच. आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, माझा धीर सुटायला लागला, तेवढ्यात वडील माझ्या कानाशी म्हणाले, गोठ्याचा वास येतोय. आणि खरंच, आजोळच्या गोठ्यात शिरल्यावर येतो तसा उबदार वास. प्राणी दिसायच्या आधी वास आला. मग आतून नाकातून जोरात हवा सोडल्यासारखा आवाज आला, फुस्स असा, आणि मग कारवीच्या खाली, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पांढरे मोजे दिसले. चार. मग आठ. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण आधी फक्त मोजेच दिसतात आणि वरचं धूड दिसतच नाही हे काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. पुढे एक मोठी मादी, मागे दोन, एक तांबूस वासरू, ते सगळे आमच्यासमोरून रस्ता ओलांडून गेले आणि वासरू मध्येच थांबून आमच्याकडे बघत राहिलं, मादीनं वळून बघितल्यावर पळालं. एकूण दीड मिनिट असेल. वडील परतीच्या वाटेवर राधानगरीपर्यंत काही बोलले नाहीत, आणि माझ्या वडिलांना न बोलता पन्नास फूटसुद्धा चालता येत नाही.

तर तो मुलगा शेण का दाखवत होता ते आता लक्षात आलं असेल. तो तुम्हाला टाईमपास म्हणून दाखवत नव्हता, तो वाचत होता, आणि तुम्हालाही वाचायला देत होता. सकाळी साडेदहानंतर जंगलात वाचायलाच मिळतं, बघायला नाही. सासूबाईंना ते कळलं, म्हणून चार फोटो. मला तर वाटतं तुमच्या सात जणांत खरी ट्रिप त्या एकट्यांचीच झाली.

यूट्यूबबद्दल एक वाक्य. आतल्या जंगलात तुमची खासगी गाडी घेऊन गाईडशिवाय भटकायला मिळत नाही, तो रस्ता तसाही साध्या गाडीचा नाही, चेंबर फुटलं की नाशिकच्या आत्याबाईंना घेऊन चालत यावं लागेल. आणि पावसाळ्यात तर जंगल बंदच असतं. देवगड-निपाणी रस्ता मात्र सगळ्यांचा, तो अभयारण्यातूनच जातो, त्यावरून तुम्ही स्वतःच्या गाडीनं फोंडा घाटापर्यंत जाऊ शकता आणि तो रस्ता आहेही सुंदर, एका बाजूला लांबच लांब पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी. पण तिन्हीसांजेला आणि रात्री तिथं गवे रस्ता ओलांडतात. दिसला तर लांबच थांबा, हॉर्न नको, डिपर मारून त्याच्या डोळ्यांवर उजेड टाकू नका, आणि कृपा करून कोणी खाली उतरू नका, विशेषतः दीर, कारण प्रत्येक घरातला दीरच उतरतो.

आता एप्रिलची आखणी. बारा जणांना एकदम आत नेऊ नकोस. हे मी फार गंभीरपणे सांगतेय. बारा माणसं म्हणजे दोन जीपा, दोन जीपा म्हणजे एक दुसरीच्या धुळीत, आणि बारापैकी आठ जणांना फक्त 'जाऊन आलो' म्हणायचं असतं, त्यात चूक काही नाही पण त्यांच्यासाठी बाकीच्या चार जणांची सकाळ वाया जाते. तेव्हा कोल्हापूरला न राहता आदल्या रात्री राधानगरी किंवा दाजीपूरलाच राहा, कोल्हापूरहून दाजीपूर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे, ते अंतर पहाटे तीनला उठून कापण्यात काय अर्थ आहे. आणि सकाळच्या पहिल्या जीपमध्ये फक्त तू, लेक, सासूबाई आणि आत्याबाईंच्या घरातलं जे कोणी दोन तास तोंड बंद ठेवू शकतं ते. पाच वर्षांच्या पोराला नेऊ नकोस, त्याच्यावर अन्याय आहे तो, त्या वयात गप्प बसणं म्हणजे शिक्षा. त्याला बापाकडे ठेव.

आणि बापाला धरणावर पाठव. तुझा नवरा काय करतो ते तू लिहिलं नाहीस पण 'यूट्यूबवर सगळं आहे' म्हणणारा माणूस मला इंजिनिअर वाटतो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, गावाला नाव त्यांच्या लेकीचं, राधाबाईंचं, आणि त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी आली की अख्खं कोल्हापूर पंचगंगेकडे बघायला लागतं, आमच्या लहानपणी तर घरातली मोठी माणसं कितवा दरवाजा उघडला ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना विचारायची. एप्रिलमध्ये दरवाजे मिटलेलेच असतील, लांबूनच बघायचे, पण त्याला ते कसे चालत असतील याच्यावर विचार करायला लाव, दुपारपर्यंत तो खूश असेल आणि परतल्यावर तुलाच समजावून सांगेल. मग तुम्ही दुपारी सगळे एकत्र जेवा, आधी सांगून ठेवलंस तर तिथल्या एखाद्या घरी नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा मिळून जाईल, आणि बारा माणसं भाकरीवर बसली की कोणी काय बघितलं नाही याची चर्चा आपोआप बंद होते.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, जीपमध्ये त्यांना पुढे बसव, ड्रायव्हरशेजारी. मागच्या आडव्या बाकावर, चाकाच्या वर, सगळ्यात जास्त आपटतं आणि आपण नेमकं म्हाताऱ्या माणसांना तिथेच बसवतो कारण मुलांना पुढे यायचं असतं. एक उशी घे. जंगलात आत बाथरूम नाही, गेटच्या आधीच सगळ्यांना जाऊन यायला सांग, आणि बायका याबद्दल बोलत नाहीत, पाणीच पीत नाहीत मग दुपारी डोकं धरून बसतात, तसं करू नका. फुल पँट, मोजे, परत आल्यावर अंगावर गोचीड नाही ना बघायचं. सेंट मारू नका, गव्याचं नाक फार तिखट असतं. दुर्बीण असेल तर एकच पण बरी घ्या, ८ बाय ४२ची, त्यापेक्षा जास्त ताकदीची घेतली तर हलत्या हातात फक्त थरथरणारी पानं दिसतात.

आणि लेकीसाठी एक खेळ सांगते, मी माझ्या भाचीबरोबर खेळते. गवा शोधायचाच नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण आणि राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन म्हणजे आपली राणी पाकोळी (हे २०१५ पासून, देशात असं फुलपाखरू ठरवणारं पहिलं राज्य आपलंच), या चौघांना शोधायचं. चारही सह्याद्रीत सापडतात आणि एप्रिलच्या शेवटी गेलात तर ताम्हण जांभळा फुलायला लागलेला असतो. शेकरू तर दाजीपुरात बऱ्यापैकी दिसतो, फक्त वर बघावं लागतं, तो एका झाडावरून दुसऱ्यावर सहज वीस फूट उडी मारतो आणि मग फांदीवर शेपूट लोंबकळत सोडून आपल्याला शिव्या घातल्यासारखा आवाज काढत बसतो. आणि त्याचं घरटं एक नसतं, एकेक शेकरू पाच-सहा घरटी बांधून ठेवतो, हे सासूबाईंना सांग, शेजारणींना सांगायला त्यांना नवीन मुद्दा मिळेल.

एप्रिलमध्ये अजून एक आहे, आणि त्या मुलाला हे नक्की विचार. धनेशाची, म्हणजे त्या मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्याची, वीण चालू असते. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड चिखलानं नि विष्ठेनं लिंपून टाकते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर दोन-तीन महिने त्या फटीतून तिला वड-उंबराची फळं आणून भरवतो. ढोलीच्या जवळ जायचं नाही, कोणी नेतो म्हटलं तरी नाही, नर बिचकला तर तो ढोलीपाशी येत नाही आणि ती उपाशी राहते. पण नुसतं फळांच्या झाडाखाली लांब थांबलं तरी तो जाताना ऐकू येतो, मोठा धनेश उडताना पंखांचा आवाज असा येतो की लहानपणी वाफेचं इंजिन ऐकलेली माणसं एकदम मान वर करतात. आत्याबाईंना बरोबर घेऊन जा हे ऐकायला. (आणि तिकडं नवऱ्याला सहज सांगून ठेव की धनेश तीन महिने बायकोला हातात आणून देतो, मिसळीसाठी थांबत नाही.)

पैशांचं राहिलंच. एजन्सीचे आणि त्या मुलाचे सारखेच पडतायत म्हणतेस, तर फरक एवढाच की एकाचे पैसे कोल्हापुरात राहतील आणि दुसऱ्याचे दाजीपुरात. तिथल्या गावांनी जंगल राखायचं, गव्यानं खाल्लेली शेतं सोसायची आणि गाईडची मजुरी मात्र शहरातल्या ऑफिसनं न्यायची हे मला पटत नाही, पण हे माझं मत झालं. त्याला फोन करताना एवढंच विचार की गेट किती वाजता उघडतं, पहिली जीप मिळेल का, शनिवार-रविवार सोडून कोणता वार बरा, आणि त्या दिवशी प्रवेश चालू आहे ना, कारण हे दरवर्षी थोडं मागंपुढं होतं. प्रवेशाचे, जीपचे आणि गाईडचे पैसे वेगवेगळे असतात का तेही विचारून घे, नाहीतर गेटवर दीर वाद घालत बसेल आणि तेवढ्यात ऊन चढेल.

आणि समजा नाहीच दिसला गवा. मग दुपारी ऊन कलल्यावर शिवगडाच्या बाजूला कोकण दिसतं तिथपर्यंत जा, त्या मुलाला घेऊनच, वाट त्याला माहीत असते. तिथं कडा एकदम तुटतो आणि खाली पूर्ण कोकण पसरलेलं असतं, आणि करवंदं पिकली असतील तर तोंड काळं करून या सगळे. सासूबाईंना तेवढं चालणं झेपत नसेल तर त्यांच्याबरोबर कोणीतरी खाली तळ्याकाठी बसा.

नवरा तरी येत नाही म्हणाला तर येऊ नको म्हण, खरंच. एक सीट रिकामी राहील त्यात गाईड आरामात बसेल. पण धरणाऐवजी जीपमध्ये यायचंय का असं त्याला एकदा विचारून बघ, पहाटे साडेचारला उठणार का म्हणून, आणि हो म्हणाला तर मिसळ परतीला माझ्याकडून, माहेरच्या गल्लीतच एक जागा आहे, पत्ता तुला वेगळा पाठवते.

आणि सासूबाईंना सांग त्या चारपैकी एक फोटो मला पाठवा. बघितल्यावर सांगते गवाच होता की म्हैस.